ओठ मिटण्याचा क्षण

देवासहून इंदूरच्या विमानतळाकडे निघाले, तेव्हा आई दारात उभी होती. शाळेच्या पहिल्या सहलीपासून ती मला एकच वाक्य सांगत आली होती, "पोचलीस की कळव." त्या सकाळी तिचे ओठ नुसतेच हलले. पक्षाघातातून ती सावरली होती, पण ओठांना शब्द धरता येईनात. जर्मनीत हांबुर्गमधली संशोधनाची जागा मी कष्टाने मिळवली होती आणि मला ती सोडायची नव्हती. मी गाडीत बसले.

इंदूरच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना दर आठवड्याला आईच्या सरावाचा व्हिडिओ हवा असे. फाइल अवाढव्य, घरचं नेट अशक्त. कुणीतरी फाइल लहान करून देणारी फुकटची वेबसाइट सुचवली. आईने वहीत लिहिलं, "माझं वाकडं तोंड परक्यांकडे नको." तेव्हा मी नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, फोनमध्येच ते काम करणारं ॲप निवडून दिलं.

"बेटा, फाइल बाहेर तर नाही न जात?"

"फोन फ्लाइट मोडवर टाका, नाना. मग करून बघा."

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "हो गया, भिया. नेट बंद, तरी झालं." मुलीला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणं ही त्यांची जुनी थट्टा.

सेटिंग मात्र मी ठरवलं होतं. सेकंदाला तीस चित्रांऐवजी आठ. खुर्चीत स्थिर बसलेल्या माणसाला तेवढी पुरतील, असं मी गृहीत धरलं.

तीन आठवडे बाईंचा एकच शेरा येत राहिला, "प, ब, म म्हणताना ओठ मिटत नाहीत." आईने सराव सोडला.

माळव्यातून दूर गेलेल्या तुम्हा वाचकांनाही धुक्यात गाव दिसत असेल. इथे हांबुर्गच्या एल्बे नदीवर धुकं उतरलं की मला धारच्या आजोळाहून मांडूला जाणारा रस्ता दिसतो. माझी शाळा हिंदी, म्हणून आई गाडीच्या बाष्प साचलेल्या काचेवर बोटाने मराठी शब्द लिहून मला वाचायला लावी. शब्द विरघळायच्या आत तो वाचायचा, असा नियम होता.

त्याच धुक्याकडे पाहत मी नानांकडून मूळ व्हिडिओतले दहा सेकंद मागवले आणि एकेक चित्र पुढे सरकवलं. ओठ मिटत होते. अगदी निमिषभर, मी ठेवलेल्या दोन चित्रांच्या मधल्या फटीत. आईला जमत होतं. मीच ते गाळून टाकलं होतं.

चूक मी आई-नाना दोघांनाही सांगितली आणि आई पुन्हा सरावाला बसली. आता तीसही चित्रं ठेवतो, चित्राचा आकार तेवढा घटवतो. मागची खिडकी, पलीकडची टेकडी थोडी पुसट होते. होऊ दे. घर म्हणजे आता मला तो निमिष वाटतो, मी पाहत नसतानाही तिथे घडत असलेला.

गेल्या आठवड्याच्या व्हिडिओत आई खुर्चीत पुढे सरकून बसली. दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा ओठ मिटले, उघडले.

"पो…चलीस?"

मला येऊन पाच महिने झाले होते. मी लिहिलं, "पोचले, आई."