मी पुसून टाकलेला मेल

आंब्याचा चीक बोटांना लागलेला असला की फोनचा पडदा ऐकत नाही. म्हणून त्या दुपारी हात फडक्याला पुसत मी पॅकिंगच्या शेडमधून शेजारच्या आमच्या छोट्या ऑफिसात आलो आणि कॉम्प्युटरपुढे बसलो. एरवी त्या खुर्चीत वहिनी असायच्या. त्या जेवायला घरी गेल्या होत्या. मला फक्त पुण्याच्या एका ऑर्डरचा पत्ता बघायचा होता.

सगळ्यात वर एक मेल होता. तुमचा मेलबॉक्स भरला आहे, संध्याकाळपर्यंत पासवर्ड टाकून खात्री करा, नाहीतर नवे मेल येणं बंद होईल. एप्रिल महिना. आमचं वर्षाचं सगळं त्या दीड महिन्यात होतं आणि निम्म्या ऑर्डरी मेलवरच येतात. मी घाबरलो. खालचं निळं बटण दाबलं, पासवर्ड टाकला. पान एकदा लुकलुकलं आणि आमचा नेहमीचा मेल उघडला. झालं काम, असं मला वाटलं. पत्ता लिहून घेतला आणि परत आंबे निवडायला गेलो. अर्धं मिनिटसुद्धा गेलं नसेल. संध्याकाळपर्यंत मी ते विसरलोही.

रत्नागिरीजवळ पावस गावाच्या बाजूला आमची हापूसची कलमं आहेत. बाग दादाची आणि माझी, पण शब्द दादाचा. मी मुळात कमी बोलणारा. दादा बोलतो आणि मी मान हलवतो, हे लहानपणापासूनचं. वहिनी म्हणजे माझ्या शाळेतल्या मित्राची बायको. तो मुंबईला नोकरीला, ह्या इथे वाडीत मुलीला घेऊन. बारावी शिकलेल्या, रत्नागिरीत जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या. सहा वर्षं आमच्या ऑर्डरी, मेल, कुरियर सगळं त्या बघायच्या. मला ‘भावोजी’ म्हणायच्या आणि दादाला ‘मोठे भावोजी’. माझं इंग्रजी त्या हळूच सुधारून द्यायच्या, दादाच्या समोर कधी नाही.

पासवर्ड दादाने ठरवलेला होता. आमच्या ग्रामदेवीचं नाव आणि पुढे एक दोन तीन. वहिनींनी एकदा सांगून बघितलं होतं, “मोठे भावोजी, जरा अवघड ठेवूया. हे वाडीतलं शेंबडं पोरही ओळखेल.”

“देवीचं नाव आहे,” दादा म्हणाला. “तिचं नाव घेऊन कोण चोरी करील? हात झडतील त्याचे.”

पंधरा दिवसांनी पुण्याहून एका आजींचा फोन आला. वीसेक वर्षं आमच्याकडून आंबा घेणारं घर. वहिनींनी फोन स्पीकरवर टाकला, कारण हातात चिकटपट्टी होती.

“काय हो, पेट्या कधी यायच्या? पैसे भरून आठवडा झाला.”

“आजी, पैसे आले नाहीत अजून.”

“असं कसं? तुम्हीच कळवलंत ना, खातं बदललंय, नव्या खात्यात भरा. मी उलट विचारलंसुद्धा, नक्की ना म्हणून. तुम्ही लिहिलंत, होय आजी, निर्धास्त भरा.”

‘होय आजी’. वहिनींची लिहायची पद्धतच ती. कोणीतरी आमच्या घरात बसून, आमचीच जुनी पत्रं वाचून, आमच्याच आवाजात बोलत होतं, आणि आम्ही बाहेर शेडमध्ये पेट्यांत गवत भरत होतो.

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. चिकटपट्टी तशीच बोटाला, त्यांनी कॉम्प्युटर पालथा घातला. तासाभराने मला हाक मारली. “भावोजी, हे बघा.” मेलच्या आत कोणीतरी एक नियम लावून ठेवला होता. ज्या पत्रात ‘खातं’ किंवा ‘बँक’ असा शब्द असेल ते पत्र आम्हाला दिसायच्या आधीच कचऱ्यात जायचं. कचऱ्यात चाळीसच्या वर पत्रं होती. सगळी वाचलेली. सगळ्यांना उत्तरं दिलेली.

हे शोधून काढलं वहिनींनी. त्यांनी ते शोधलं नसतं तर आणखी किती घरं फसली असती कोण जाणे. पण दादा दारात येऊन उभा राहिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुला बरं सापडलं लगेच.”

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी रत्नागिरीला पोलिसांकडे तक्रार द्यायला गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं उतरवून घेतलं. म्हणाल्या, “हे कोणी कुलूप फोडून आलेलं नाही. किल्लीने दार उघडून आलेत. पासवर्ड बाहेर गेलाय. कोणाकोणाला माहीत होता?”

“आम्ही दोघं भाऊ,” दादा म्हणाला, “आणि ती कामाला आहे ती.”

“पासवर्ड मागणारा एखादा मेल आला होता का? मेलबॉक्स भरला, खातं बंद होईल, असं काही? कोणी भरला का त्यात?”

त्या क्षणी मला ते निळं बटण दिसलं. अगदी डोळ्यांसमोर.

“नाही,” दादा म्हणाला. “आम्ही काय खुळे आहोत?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

दादा तिथून कुरियरवाल्याकडे गेला. मी एसटी स्टँडवर एका बाकड्यावर बसलो आणि फोनवर मेल उघडला. मागे मागे जात राहिलो. तो होता. माझी अजून आशा होती की नसेल, की मला भास झाला असेल. तारीख, वेळ, सगळं होतं. दुपारचा पाऊण, वहिनी जेवायला जायची वेळ. मी तो पुसला. मग कचऱ्यात जाऊन तिथूनही पुसला. शेजारी एक बाई पोराला केळं भरवत होती. मी काय केलं ते तिला दिसलं असेल असं वाटून मी उठून दुसऱ्या बाकड्यावर गेलो. पासवर्ड टाकताना मी अडाणी होतो, ते मी स्वतःला कधीच माफ केलंय. स्टँडवर मी अडाणी नव्हतो.

मेलवाल्यांना आम्ही कळवलं, पासवर्ड बदलला, गिऱ्हाइकांना फोन केले. ज्यांचे पैसे गेले त्यांना दादाने पदरच्या पेट्या पाठवल्या, बागेचं नाव राखलं. आणि मग म्हणाला, “आता देवीलाच विचारू.”

आमच्याकडे काही हरवलं, भांडण पडलं, कोणावर संशय आला की देवळात कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवीच्या अंगावर ओल्या फुलाच्या पाकळ्या लावतो आणि विचारतो. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. कॉम्प्युटरच्या चोरीचा कौल आमच्या गावात तोवर कोणी लावला नसेल. वाडीतली पंधरावीस माणसं जमली. वहिनी स्वतःहून आल्या, पदर खोचून उभ्या राहिल्या आणि गुरवाला म्हणाल्या, “आडून विचारू नका काका. माझं नाव घेऊन विचारा. मी निर्दोष असेन तर उजवा कौल दे म्हणावं.”

गुरवाने तसं गाऱ्हाणं घातलं. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. मीही म्हणालो. आवाज निघाला कसा, याचं मला आजही नवल वाटतं. मी खाली फरशीकडे बघत होतो. देवी आता काय करील, ती माझ्याकडे बोट करील काय, असं काहीतरी मला खरोखर वाटत होतं. पन्नाशीला आलेला माणूस मी. घामाने बनियन भिजला होता. वर बघितलं तेव्हा वहिनी माझ्याकडेच बघत होत्या.

उजवी पाकळी पडली. पहिल्याच दमात.

कोणीतरी हुश्श केलं. वहिनींनी डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो, त्याही सुटल्या आणि मीही. तेवढ्यात दादा गुरवाकडे वळून म्हणाला, “देवीला पासवर्डमधलं काय कळतं?”

एकदोघे हसले. ज्याने कौल लावायला लावला तोच असं बोलला आणि माणसं हसली. मला तेव्हा खरा धक्का बसला. दादाचं ठरलेलंच होतं. माझं एक वाक्य पुरलं असतं. वहिनी देवळाच्या पायऱ्या उतरल्या आणि ऑफिसची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, दादाच्या नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

पुढचं सगळं हळूहळू झालं, कोणी काही बोललं नाही. वाडीतल्या महिला बचत गटाच्या त्या सचिव होत्या. बायकांनी ‘तू दमतेस गो’ म्हणत म्हणत रजिस्टर काढून दुसरीकडे दिलं. रत्नागिरीतल्या एका मसाल्याच्या दुकानदाराला मेल बघणारं माणूस हवं होतं, त्याने चौकशीला दादाला फोन केला. मी शेजारीच होतो. दादा म्हणाला, “कामाला वाघीण आहे. पण...” आणि पुढे काहीच बोलला नाही. पलीकडच्यानेही विचारलं नाही. मी पेटीवर नाव लिहीत होतो. ते मी पूर्ण लिहिलं.

असे दोन हंगाम गेले.

या फेब्रुवारीत रत्नागिरीत छोट्या व्यापाऱ्यांसाठी ऑनलाइन फसवणुकीवर एक कार्यक्रम होता. आंबेवाले, मासळीवाले, घरगुती लॉज चालवणारे, सगळे आले होते. मी आणि दादा दुसऱ्या रांगेत. बोलणाऱ्या बाई तरुण होत्या, मजेत बोलत होत्या. त्यांनी पडद्यावर एक चित्र टाकलं. तोच मेल. तेच निळं बटण. भिंतीएवढं.

“यात पासवर्ड भरलेले कोण कोण आहेत? लाजू नका, हात वर करा.”

कोणी हलेना. दादा माझ्या कानाशी हसून म्हणाला, “असलं कोण भरतो रे? अगदीच बैल असला पाहिजे.”

माझा हात वर गेला. मी ठरवून केला असं सांगता येणार नाही.

“खाली घे,” दादा पुटपुटला. “सगळे बघतायत. मस्करी कसली करतोस?”

“मस्करी नाही. तेव्हा मीच भरला होता. त्यांनी नाही.”

“तेव्हा म्हणजे?”

“तेव्हाच.”

दादाचं तोंड उघडं राहिलं. तिकडे बाई माइकवर म्हणाल्या, “वा काका! एक तरी माणूस खरं बोलला,” आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांसारखं लाजिरवाणं मी काही ऐकलेलं नाही. दादा उठला, रांगेतल्या लोकांच्या पायांवरून गेला, बाहेर त्याची मोटरसायकल सुरू झाल्याचं मला ऐकू आलं. मी एसटीने परतलो आणि तसाच वहिनींच्या घरी गेलो.

त्या अंगणात कुळीथ झोडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, पुण्याच्या पत्त्यापासून. काठी थांबली नाही. सांगून झाल्यावर मी म्हणालो, “माझं चुकलं.”

“मी केलं नव्हतं, हे मला माहीतच होतं,” त्या म्हणाल्या. “मला नवीन काय सांगितलंत?”

काठी चालूच होती.

“तुम्हाला कधी कळलं?”

“पोलिसांकडे गेलो त्याच दिवशी.”

आता काठी थांबली. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हणजे देवळात तुम्हाला माहीत होतं?”

“होय.”

“मी तुमच्याकडे बघत होते भावोजी. हे सगळे वेडे झालेत, पण हा एक तरी बोलेल, म्हणून बघत होते. तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही गप्प आहात असं मी समजत आले. आमच्या ह्यांनाही तेच सांगितलं. भावोजींना काय माहीत बिचाऱ्यांना, म्हटलं.” त्यांचा आवाज चिरकला. मग त्या बराच वेळ माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी कोण ते त्यांना नव्याने ओळखायचं होतं. “मेल पुसलात?”

“होय.”

“स्वतःच्या हाताने?”

मी माझ्या हाताकडे बघितलं. त्यांनी कुळथाचा ढीग पायाने सारखा केला. “कामाला परत या, असलं काही बोलू नका. येणार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. शनिवारी गटाची सभा आहे. अंगणवाडीत, चार वाजता.”

दादाने तीन दिवस समजावलं. घरात आपण काय ते बघू, बायकांपुढे जाऊन शोभा कशाला, तिला हवं तर पुन्हा कामावर घेऊ. पहिल्यांदाच मी मान हलवली नाही.

शनिवारी अंगणवाडीत सतरंजीवर पंचवीसेक बायका होत्या. वहिनी मागे, भिंतीला टेकून. मला खुर्ची दिली, मी बसलो नाही. मेल, बटण, पोलिसांपुढची मान, एसटी स्टँड, देऊळ, मसाल्याच्या दुकानदाराचा फोन, सगळं सांगितलं. ‘बैल’सुद्धा सांगितलं. कोणी हसलं नाही. रजिस्टर जिच्याकडे गेलं होतं ती काकू मांडीवरच्या त्याच रजिस्टरकडे बघत होती. एक म्हातारी आजी म्हणाली, “मेल्या, तुझी आई असती तर काय केलं असतंन तिने तुला?” आणि नाक पुसलं. मी दाराकडे वळलो.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. देवळाजवळच्या घरातली सून, धापा टाकत, “झाली का सभा सुरू? काय झालं? अशा का बसलात सगळ्या?”

मागून, भिंतीजवळून वहिनींचा आवाज आला.

“बस गो. भावोजी, हिने ऐकलं नाही. हिला सांगा.”

ती बसली. पदराने वारा घेत माझ्याकडे बघू लागली. मी पुन्हा सुरू केलं, पहिल्यापासून.