देवीने पाकळी सोडली नाही

मी जात्याच भित्री. लहानपणी पाल चुकचुकली तरी आईच्या पदरात शिरायची, आणि लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा घरात गॅसचा सिलिंडर आहे या कल्पनेनंच कितीतरी दिवस मला धड झोप लागत नव्हती. आमचे हे पाहुण्यांसमोर मला चिडवायचे, "हिच्यापुढे आगपेटीचं नावसुद्धा काढू नका." पण मनूला दमा लागला आणि माझ्या भीतीची चेष्टा करायचं त्यांनी आपोआप सोडून दिलं. तेव्हा मला कळलं की आता तेही घाबरले आहेत.

मनू आमची एकुलती एक मुलगी. यांची नोकरी रसायनांच्या कारखान्यात, राहायला कंपनीचं क्वार्टर. तो काळ ऐंशी सालानंतरचा. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी वारा पडला की कारखान्यांचा धूर वर जायचा नाही, खाली बसायचा. वास रोज निराळा, कधी जळक्या रबराचा, कधी नाकाला झोंबणारा, नाव न सांगता येणारा. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो आणि मी मनूच्या छातीला कान लावायची. आत मांजरीचं पिल्लू घुरघुरावं तसा आवाज येऊ लागला की मी तिला उचलून मांडीवर घ्यायची. झटका मोठा असला की तिचे ओठ निळसर व्हायचे आणि ती माझ्याकडे अशी बघायची, जणू आईच काहीतरी करील. आईला काय करता येत होतं? वाफ द्यायची, पाठ चोळायची, डॉक्टरांकडे पळायचं, आणि मनातल्या मनात देवाचा धावा करायचा.

आमच्या त्या पुरातन शिवमंदिरात मी दर सोमवारी जायची. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की हात जोडायची, पण डोळे कधी मिटायची नाही. एक डोळा महादेवावर आणि एक डोळा मनूच्या छातीवर. हे म्हणायचे, "अगं, देवासमोर तरी डोळे मीट. तो काय पळवून नेणार आहे तिला?" मला भीती होती ती नेमकी त्याचीच.

अशात कंपनीनं गोव्याला नवा कारखाना काढला आणि यांना तिथं वरच्या जागेवर बोलावलं. घर समुद्रापासून जवळ, हवा उबदार, धुराचं नाव नाही. शेजारीपाजारी म्हणाले, मुलीचं नशीब उघडलं. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "समुद्राची हवा काही मुलांना मानवते, काहींना त्या दमटपणानं जास्तच त्रास होतो. खात्री कुणीच देणार नाही, वहिनी." आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी लगेच त्यांच्या कुणा पुतण्याची गोष्ट सांगितली. तो कोकणात गेला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचा दमा हाताबाहेर गेला. झालं, माझी झोप उडाली. इथं राहावं तर धूर, तिथं जावं तर दमट वारा, आणि नव्या मुलखात रात्रीअपरात्री धावून जायला ओळखीचा डॉक्टर नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

यांनी एका संध्याकाळी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं करू. मुलीचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं." त्यांनी ते मोठ्या मनानं म्हटलं, पण माझ्या गळ्यात धोंड पडली. उद्या काही बरंवाईट झालं तर ते मी ठरवल्यामुळं झालं असं मला जन्मभर वाटत राहणार होतं. निर्णय माझ्या हातात असण्याचीच मला दम्यापेक्षा जास्त धास्ती वाटू लागली.

सासूबाई मालवणकडच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "इतक्या रडतंस कशाक गो? आपली देवी गोव्यातच आसा. जा, कौल लाव. ती सांगात तसा करा." आमच्याकडे ही रीत फार जुनी. लग्न असो, घर बांधणं असो, कुलदेवीला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. भटजी देवीच्या अंगावर पाण्यानं फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, आपण प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मला तर सुटल्यासारखंच झालं. ठरवायचं काम देवीनं करावं, याहून चांगलं काय?

आम्ही मनूला घेऊन गोव्याला गेलो. पहिल्या दिवशी समुद्रावर पोरगी अशी धावली की मी आ वासून बघत राहिले. एकदाही खोकली नाही. हे माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, हे कुटुंब इथं राहायला यावं की नाही ते सांग, आणि आम्ही उभे राहिलो. समया तेवत होत्या. दोन्ही बाजूंच्या पाकळ्या आपापल्या जागी होत्या. इतर माणसं आली, त्यांना कौल मिळाले, ती गेली. आमच्या पाकळ्या हलेनात. शेवटी भटजी म्हणाले, "आज देवी कांय सांगना. फाल्यां येयात." उद्या या, असं.

त्याच संध्याकाळी मनूला दमा लागला. काल जिथं ती धावली त्याच किनाऱ्यावर मी तिला मांडीवर घेऊन बसले होते, आणि ती श्वासासाठी खांदे उचलत होती. लाटांच्या आवाजात मला तिच्या छातीचा आवाज नीट ऐकू येईना, म्हणून मी त्या समुद्रावरच चिडले. गोळीनं हळूहळू उतार पडला. सकाळी पुन्हा देवळात उभे राहिलो. पुन्हा तेच. देवीनं एकही पाकळी सोडली नाही. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "देवीलासुद्धा आमच्या ऑफिसासारखी 'मागाहून कळवतो' म्हणायची सवय लागलेली दिसते." मला हसू आलं नाही. माझ्या मनात एक अभद्र विचार शिरला होता. पुढे सांगण्यासारखं काही उरलंच नसेल, म्हणून देवी गप्प बसली असेल का? तो विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही. परतीच्या सगळ्या प्रवासात तो माझ्याबरोबर होता.

अंबरनाथला आलो तेव्हा यांना कंपनीला उत्तर द्यायला थोडेच दिवस उरले होते. उत्तर द्यायच्या आदल्या संध्याकाळी मनूला घेऊन मी बाजारातून घरी येत होते. वारा पडलेला. अचानक कुठल्या तरी कारखान्यातून इतका उग्र धूर सुटला की रस्त्यावरची माणसं तोंडाला रुमाल लावून पळू लागली. मनूनं माझा हात घट्ट धरला आणि खाली बसली. मी तिला उचललं. रिक्षा एक दिसेना, आणि ज्या दिशेला आमचे डॉक्टर, तिकडूनच धूर येत होता. तिचे ओठ बघायची माझी हिंमत होईना. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. देवीचं नाव घेऊ म्हटलं तर तेही आठवेना. मनात एवढंच आलं, माझ्याच्यानं होत नाही, आता तूच बघ.

एक टेम्पो माझ्यासमोर थांबला. मागं दोरीनं बांधलेलं लोखंडी कपाट. पुढं चालवणारा तरुण आणि त्याच्या शेजारी त्याची म्हातारी आई, उल्हासनगरची सिंधी बाई. तिनं दार उघडलं आणि मनूला माझ्या हातातून ओढूनच घेतलं. मी म्हटलं, "अस्पताल... दवाखान्यात चलो." ती म्हणाली, "अस्पताल उधर है, धुआँ भी उधर है. पहले बच्ची को हवा में ले चल, बेटी. बैठ." मुलगा म्हणाला, "अमां, अपने को तो बदलापूर जाना है." "तो बदलापूर ही चल ना," ती म्हणाली, "उधर डॉक्टर नहीं होते क्या?" वाटभर ती मनूची पाठ चोळत झूलेलालचं नाव घेत होती. तिचा देव निराळा, माझी देवी निराळी, पण त्या वेळी मला त्यांत काडीचाही फरक वाटला नाही.

गाव मागं पडलं तसा वास कमी झाला. बदलापूरला नदीच्या बाजूला, जुन्या वस्तीत ते कपाट पोचवायचं होतं. तिथल्या लग्नघरच्या लोकांनी आम्हाला अंगणात बाज टाकून दिली आणि शेजारच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी सुई दिली, पण खरं सांगायचं तर ते येईपर्यंतच मनूचे खांदे खाली आले होते. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "आई, इथं वास का येत नाही?" मी उभी राहून चारी बाजूंना वास घेऊन पाहिला. अंबरनाथच्या पुढचंच स्टेशन. आम्ही साहेबलोक बदलापूरला खेडं म्हणायचो, तिथं राहायला जायचं कधी आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

म्हातारीनं जाताना मनूच्या डोक्यावरून हात फिरवला. मी तिचे पाय धरले तर मागं सरली आणि म्हणाली, "मैंने क्या किया? ये कपाट कल ही पहुँचाना था. रंग नहीं सूखा, तो आज निकले." एवढं बोलून ती टेम्पोत जाऊन बसली. परतताना त्या मुलानं आमच्या घरी निरोप दिला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत हे धावतपळत आले. मनू बाजेवर शांत झोपली होती. ते तिच्या उशाशी बसले आणि मला म्हणाले, "गोव्याचं काय कळवू?" मी म्हटलं, "देवी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आपण तिला इथलं विचारलंच नव्हतं." सासूबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

यांनी वरची जागा नाकारली. आम्ही क्वार्टर सोडलं आणि बदलापूरला नदीच्या अंगाला भाड्यानं दोन खोल्या घेतल्या. मनूचा दमा एका दिवसात पळाला असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात तो येऊन जायचाच, पण ओठ निळे पडले नाहीत ते नाहीतच. डॉक्टर म्हणाले, मुलं वाढतात तसा दमा कमी होतो. असेलही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि कुणाशीच घालणार नाही. एवढंच जाणते, की मी माझ्या भीतीनं दोनच दारं बघत होते आणि देवीकडे मागतानासुद्धा त्यातलंच एक उघड म्हणून हटून बसले होते. ज्या संध्याकाळी मला काहीच मागता आलं नाही, त्या संध्याकाळी माझ्या वतीनं कुणीतरी मागितलं. रंग न वाळल्यामुळं ते कपाट एक दिवस मागं राहिलं, ही गोष्ट आठवली की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पुढच्या वर्षी आम्ही गोव्याला ओटी भरायला गेलो. भटजींनी पाकळ्यांचं तबक पुढं घेतलं आणि काय विचारायचं ते विचारलं. मी म्हटलं, काही नाही, नुसता नमस्कार करायचाय. हात जोडले आणि उभी राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा लक्षात आलं, की मी ते मिटले होते. मनू जवळ नव्हती. देवळाच्या मागच्या अंगणातून, पळता पळता, ती मोठ्यानं यांना हाक मारत होती, एका दमात. मी पुन्हा डोळे मिटले.