दोनशे बारा पावलं

शेतांची मोजणी हे माझं काम. सत्तावीस वर्षं झाली. राहतो अकोल्यात, पण निम्मं आयुष्य दर्यापूरकडच्या काळ्या मातीत झेंडे रोवण्यात गेलं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर आलेले मी तीनदा पाहिले आहेत. तिन्ही वेळा मोजणी पूर्ण झाली, हद्दीचा दगड बसला आणि त्यांच्यापैकीच कोणीतरी मला चहा पाजला. त्यामुळे माणसाबद्दल माझं मत पक्कं होतं. आत जनावर असतं आणि ते रेषेमुळे शांत राहतं. रेषा नीट आखली की काळजी नाही.

हे मत मी आमच्या वाचनमंडळात बऱ्याचदा मांडत असे. पाच जणांचं मंडळ, रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांचं म्हणणं माझ्या नेमकं उलट. कादंबरीत पूर आला, दुष्काळ पडला, की लेखक चार दिवसांत माणसाचा लांडगा करून टाकतो, याचा त्यांना राग यायचा.

"कागदावर माणूस बिघडवाले काय लागते?" ते म्हणायचे. "अन् हे तत्त्वज्ञ! अर्धे म्हणतात, माणूस मुळात हिंस्र, कायद्यानं माणसाळला. अर्धे म्हणतात, मुळात भला, कायद्यानं बिघडला. जाऊन पाह्यलं का कोणी? तुमी पाह्यलं का, मोजणीवाले?"

"मी धुऱ्यावर पाहिलं, सर."

"धुरा म्हणजे कायदाच न बावा! वावर वाटाच्या आधी कोन भांडत होतं?"

सगळे हसले. मीही हसलो.

मागच्या फेब्रुवारीत सर झोपेतच गेले. दर्यापूरजवळच्या त्यांच्या गावी नेलं. मंडळातून मी एकटाच जाऊ शकलो. सरांना एकच मुलगी, आणि अग्नी तीच देणार होती. यावरून भावकीत सकाळपासून कुजबुज चालू होती. सरांचे थोरले भाऊ एक्याऐंशी वर्षांचे, गुडघे गेलेले. मुलगी त्यांना मोठे बाबा म्हणते. घरातून निघताना तिने त्यांचा हात माझ्या हातात दिला.

"काका, मोठे बाबांले तुमी सांभाळा."

मी हो म्हणालो.

स्मशान नाल्याकाठी आहे. टिनाचं शेड आणि बाजूला एक उंबर. विस्तवाचं मडकं कोणीतरी उंबराखाली ठेवलं. गोवरी ओलसर असावी, धूर सरळ वर गेला. वर आग्या मोहोळ होतं. ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कुठेही गेलो तरी चारी बाजू पाहून घ्यायची माझी सवय, पण त्या दिवशी मीही वर पाहिलं नव्हतं. तिरडी खाली टेकवली होती, दोऱ्या सोडून झाल्या होत्या, तेवढ्यात मागून ओरडा आला, "माशा! पया, पया!"

मानेवर पहिला डंख बसला. मोठे बाबांची बोटं माझ्या मनगटावर घट्ट होती. दुसरा डंख कानामागे. आणि मी मनगट झटकलं.

मग मी धावलो ते पऱ्हाटीच्या वावरात, कपाशीच्या वाळलेल्या झाडांमध्ये उपडा पडलो आणि शर्ट डोक्यावर ओढून घेतला. पुढे एका दिवशी पुन्हा तिथे जाऊन ते अंतर मी चालून मोजलं. दोनशे बारा पावलं. एवढ्या अंतरात मी एकदाही मागे पाहिलं नव्हतं.

आम्ही त्रेचाळीस माणसं होतो. प्रेताजवळ दोघंच राहिली. मोठे बाबांना पळता येत नव्हतं. आणि मुलगी परत फिरली. तिने वडिलांच्या अंगावरची चादर ओढली, मोठे बाबांना खाली बसवून त्यांच्यावर घातली आणि स्वतःही आत शिरली. सर तसेच उघडे पडले होते.

माशा निवल्यावर लोक परतले. मोठे बाबांना गाडीत घालून अमरावतीला न्यायचं ठरलं तेव्हा मी आपणहून सोबत निघालो. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी गाडीत बसता बसता मी म्हणालो, "गर्दीत त्यांचा हात सुटला."

दवाखान्यात डॉक्टरांनी काटे काढायला घेतले आणि साठाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. मला चारच डंख होते. दोन दिवस मोठे बाबा शुद्धीवर नव्हते. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. येणारे-जाणारे म्हणत, किती करता हो तुमी, सख्खं कोणी करणार नाई. बायकोचा फोन आला.

"बोलले का काही?"

"नाही अजून."

"बोलू दे रे देवा लवकर."

मी फोन ठेवला. ते बोलले तर काय बोलतील, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. दार उघडून नर्स बाहेर आली की मी बाकावरून उठायचो. तिच्या तोंडून कोणती बातमी यावी असं मला वाटत होतं, ते मी स्वतःशीही नीट उच्चारलं नाही. हात झटकला तेव्हा विचाराला वेळच मिळाला नव्हता. बाकावर मात्र माझ्याकडे दोन दिवस होते. जनावराला असं काही सुचत नसावं.

तिसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले. सुजल्या ओठांनी म्हणाले, "मले काईच आठवत नाई." मी खाली येऊन दोन कप चहा प्यालो.

घरी आल्यावरही झोप नीट लागेना. मुलगीसुद्धा विचार करून परतली नव्हती. तिचं वळणं आणि माझं धावणं एकाच क्षणातलं, कोणीही न शिकवलेलं. मग इतकी वर्षं मी आखलेल्या रेषांनी नेमकं काय केलं? त्या रेषा स्मशानातही आल्या, पण अर्ध्या तासानं. लोक परतले तेव्हा त्यांच्यातल्या एकाचा पहिला प्रश्न होता, "प्रेताले उघडं कोणं केलं?"

दहाव्याला नदीवर तो प्रश्न पुन्हा निघाला. सरांचे एक चुलतभाऊ भावकीच्या वतीने बोलले. "बापाले नागवं केलं पोरीनं. तेराव्याले तिनं पाटावर बसू नये, असं ठरलं आमचं."

"मोठे बाबा एकटे होते," मुलगी म्हणाली. "मंग काय करू मी? पाहत राहू?"

"एकटे काहून? या साहेबाच्या हातात दिलं होतं न तू त्याईले!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. "गर्दीत हात सुटला," मी म्हणालो. दहा दिवसांत हे वाक्य चांगलं सरावाचं झालं होतं. मोठे बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. एक डोळा अजून सुजलेला. दुसऱ्या डोळ्याने ते माझ्याकडे पाहत होते. राग नव्हता त्यात. ते नुसते पाहत होते.

मी उठून उभा राहिलो. "सुटला नाही. त्यांनी मला धरलं होतं. मी झटकलं आणि पळालो."

मागून एक जण म्हणाला, "पयालो त आमी सारेच न जी. जीव कोणाले नको असते?"

"तुमच्या हातात कोणी माणूस दिला नव्हता," मी म्हणालो. "माझ्या हातात दिला होता. हिने चादर ओढली नसती तर आज इथे दोन दहावे असते."

चुलतभाऊ काही बोलणार होते, पण मोठे बाबांनी हात वर केला. "तेराव्याले पोरगीच बसन. मी सांगून राह्यलो." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मले सारं आठवते. शुद्दीवर आलो तवापासून. तुमी सांगता का नाई, तेच पाहून राह्यलो होतो. बसा आता."

मी बसलो. तेराव्याला मुलगीच पाटावर बसली. तिने मला पान वाढलं, भात पुन्हा हवा का विचारलं, पण काका म्हणाली नाही. साहेब म्हणाली.

आमचं मंडळ अजून भरतं. आता चार जण आहोत. माणसाच्या मुळाविषयी वाद निघाला की मी बोलत नाही. मला भलताच प्रश्न छळतो. त्या दिवशी मोठे बाबांनी माझ्याकडे पाहिलं नसतं, तर मी उठलो असतो का? बऱ्याचदा हिशोब मांडून पाहिला. उत्तर हो असं येत नाही.