न वाजणारा डबा

आधीच सांगून ठेवते, अंगात येणं, उतारा, नजर... यातलं काहीही मानणारी बाई मी नाही. एकतीस वर्षं झाली, अमरावतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सासूबाई पोरांवरून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तेव्हा मी म्हणायची, "आई, त्यापेक्षा याचं हिमोग्लोबिन पाहू." त्या चिडायच्या. पण माझा हिशेब सरळ, रिपोर्टवर आलं ते खरं, बाकीच्या गप्पा. आता हे वाचून कोणी म्हणेल, "झालं का मॅडम, आल्या का लाइनीवर?" तर म्हणो बापडं. हल्ली मला कशानंच फारसा फरक पडत नाही.

गोष्ट गेल्या कोजागिरीची. स्थळ अकोट, माझ्या मैत्रिणीच्या, पुष्पाच्या घरामागचं आंगण. वेळ दुपारी चारची, लख्ख ऊन. मुद्दाम सांगतेय, कारण असल्या अनुभवांत लोक अंधार घालतात.

ज्यांना भुलाबाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई मांडतात. भुलाबाई, भुलोजी अशी मातीची जोडी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, टिपऱ्या आणि गाणी. गाणी संपली की खिरापत. पण ती सरळ वाटत नाहीत, आधी ओळखावी लागते. डबा बंद. गोड की तिखट एवढंच विचारायचं, डबा कानाशी धरून हलवायचा आणि सांगायचं. नाहीच ओळखता आलं तर मोठ्यानं "हरले" म्हणायचं. मग जिचा डबा ती उघडणार. हरले म्हटल्याशिवाय डबा उघडत नाही, हा नियम.

आम्ही चौघी एका गल्लीतल्या. मी मंजू, पुष्पा, नलू आणि मंदा. ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. फुटाणे कसे वाजतात, करंजी कशी आपटते, काकडीच्या फोडी कशा चपचपतात... मी दोनदा हलवून सांगायची. अपवाद एकच, मंदा. तिचे बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. ही बया त्यांच्याकडून मूठभर कापूस आणायची आणि खिरापतीभोवती असा ठासून भरायची की डबा वाजायचाच नाही. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, लहान डबा, झाकणाला एका बाजूनं पोचा. मी हलव हलव हलवायची. मंदा गुडघ्यावर हनुवटी टेकून माझ्याकडे पाहत बसायची, "म्हन ना मंजे, हरले म्हन." मी मेली तरी म्हणायची नाही. त्यापेक्षा तोंडाला येईल ते ठोकून द्यायची, "खोबरं! शेव! लाडू!" सगळं चूक. शेवटी तिलाच दया यायची आणि ती स्वतःच झाकण काढायची. माझ्या तोंडून हरले तिनं कधी ऐकलं नाही.

मंदाला बार्शीटाकळीला दिलं, नलूला तिवश्याला. मी अमरावतीत आले. पुष्पानं लग्न केलं नाही, ती अकोटातच वडिलांच्या घरात राहिली. फोनवर बोलणं चालू होतं, मोबाइल आल्यावर तर रोजच.

आता जे कोणाला सांगितलं नव्हतं ते लिहिते.

तीन वर्षांपूर्वी, नवरात्रात, मंदाचा फोन आला. मी लॅबमध्ये होते, समोर नमुन्यांचा ट्रे. इकडचं तिकडचं झालं आणि ती एकदम म्हणाली, "मंजे, एक गोष्ट ओळख बरं. छातीत सुपारीएवढी गाठ लागते हाताले. दुखत नाई. हलवली तं हलते. काय असंन?" वर हसली. मीही हसले. म्हटलं, "हलते ना? मग चरबीची असंन. हलणारी गाठ साधी असते. काही करू नको."

बस. एवढंच. दीड मिनिटाचा फोन.

आमच्याकडे आठवड्याला कितीतरी बायका याच तपासणीला येतात. सुईनं पाणी काढतात आणि त्या काचपट्ट्या रंगवते कोण? मी! हलणारी गाठही वाईट निघते हे मला माहीत नव्हतं का? "मला सांगता येत नाही, उद्याच्या गाडीनं ये," एवढं म्हणायला काय जात होतं? पण नाही. फोनवरून हलवून सांगितलं मी.

आठ महिन्यांनी तिच्या मुलीनं, रश्मीनं, आईच्या ब्लाउजवर डाग पाहिला. तोवर फार पुढे गेलं होतं. अकोला झालं, नागपूर झालं. मी दोनदा भेटायला गेले. मंदा त्या फोनबद्दल एक शब्द बोलली नाही, मीही नाही. पुढच्या श्रावणात ती गेली. तेरवीला मी पंगतीत वरण वाढत होते. नलू गळ्यात पडून रडली, मी तिची पाठ थोपटली आणि पुन्हा वरण वाढायला लागले. मला रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. जेवत होते, ड्युटी करत होते, रिपोर्टवर सह्या घेत होते. आत सगळं बधिर.

मंदाला जाऊन सव्वा वर्ष झालं तेव्हा पुष्पानं ठरवलं. "या कोजागिरीले समद्या अकोटले या. भुलाबाई मांडू. मंदीच्या जाग्यावर रश्मीले बोलावू." मी कारणं सांगितली. पुष्पा म्हणाली, "मंजे, तू नाई आली तं मी तुह्या लॅबमंदी येऊन टिपऱ्या वाजवीन." ती ऐकणारी नव्हती. गेले.

दर्यापूरवरून एसटीनं एक वाजता पोचले. नलू आधीच आलेली, दारातच ओरडली, "माय वो, किती वाळली तू!" रश्मी बार्शीटाकळीहून अकोल्यामार्गे दोनच्या गाडीनं आली. अठ्ठावीसची आहे, शाळेत शिकवते. बसणं, हसणं थेट मंदाचं. मला "मावशी" म्हणून बिलगली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो माझाच हात आहे असं काही वाटेना.

आंगण तेच, कडुनिंब तोच. पुष्पानं भुलाबाई मांडली होती. प्रत्येकीनं आपापला डबा ओट्यावर ठेवला आणि वरून पुष्पानं टॉवेल टाकला. चौघी, चार डबे. मी मोजले असं नाही, पण ठेवताना पाहिलेच ना. मागच्या दाराला आतून कडी होती, आंगणाला पुरुषभर भिंत. गाणी संपेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. नलूचा गुडघा धरला तेव्हा थांबलो, एवढंच.

मग ओळखणं. पुष्पाचे फुटाणे, नलूच्या करंज्या, रश्मीचा चिवडा. मी तिन्ही सांगितले. रश्मीनं टाळी वाजवली, "आई सांगत होती तसंच!" माझा डबा नलूनं ओळखला, शेंगदाण्याचे लाडू. झालं म्हणून मी उठायला लागले तर पुष्पा टॉवेल उचलत म्हणाली, "थांब व, अजून एक हाय."

जर्मनचा लहान डबा. झाकणाला पोचा.

नलू म्हणाली, "पुष्पे, हा मंदीचा डबा तुह्याजवळ होता?" पुष्पा म्हणाली, "माह्याजवळ कायचा? मले वाटलं तू आनला." दोघींनी रश्मीकडे पाहिलं. रश्मी म्हणाली, "मी तं हा डबा आमच्या घरात कधी पाह्यलाच नाई. कोनाचा हाय?"

"चाल, नाटकं नका करू," पुष्पा हसायला लागली. तिला अजून वाटत होतं की नलूनंच गंमत केली. "मंजे, ओळख. तुलेच ओळखाचा हाय हा."

मी डबा कानाशी नेला. हलवला. काही नाही. जोरात हलवला. काही नाही. वजन होतं, अगदी थोडं. नलू म्हणाली, "अव, हरले म्हन अन् सोड! आता तरी म्हन." मला आठवतंय, मला एकदम राग आला, कितीतरी महिन्यांनी. "काही म्हणत नाही मी," म्हटलं आणि झाकण ओढलं. नियम मोडून.

आत कापूस, सरकीसकट, ठासून भरलेला. मी बोटांनी उपसला. मधोमध एक सुपारी होती. अख्खी, एकच.

"सुपारी?" पुष्पा म्हणाली. "खिरापतीले सुपारी कोन ठेवते?"

मी खाली बसले. आणि सगळं सांगून टाकलं. नवरात्रातला फोन, सुपारीएवढी गाठ, हलते ना मग साधी. आवाजही हलला नाही माझा, रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं. हे त्या फोनवर दोघीच बोललो होतो. मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

नलूनं तोंडाला पदर लावला. रश्मी त्या कापसाकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हंजे आईनं सांगतलं होतं. कोनालेतरी सांगतलं होतं."

मी मान हलवली.

"मी तिले रोज बोलली, मावशी. दवाखान्यात, सलाइन चालू असताना. काहून लपवलं म्हनून. आमी कोनी नाई का तुले, म्हनून. बाबा तं अजून म्हनतात, हट्टी बाई, कोनाले सांगतलंच नाई. अन् ती नुसती पडून राहाची. तुहं नाव नाई घेतलं तिनं. एकदाई नाई."

तिनं आपली पिशवी उचलली. "साडेपाचची गाडी हाय," म्हणाली. पुष्पा तिला सोडायला गेली. रश्मीनं माझ्याकडे मागे वळून पाहिलं नाही, आणि का पाहावं?

त्या डब्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. मी सुपारी परत कापसात दाबली, झाकण लावलं आणि घरी घेऊन आले.

पुढचे तीन महिने मी माझ्या पद्धतीनं तपास केला. पुष्पाला, नलूला वेगवेगळं खोदून विचारलं. दोघींनी शपथा घेतल्या. नलू म्हणाली, "मले आनाचाच असता तं मी सुपारी आनली असती का, पागल?" मंदानं जाण्याआधी कोणाजवळ देऊन ठेवला असेल, म्हणून तिच्या नणंदेलाही फोन केला. तिला तो डबाही माहीत नव्हता. मंदाच्या आईनं तो मोडीत दिल्याचं पुष्पाला आठवत होतं, आम्ही कॉलेजात असताना. डबा मी लॅबमधल्या माझ्या कपाटात ठेवला. रोज सकाळी कोट घालताना एकदा हलवायची. वाजायचा नाही. ठेवायची आणि कामाला लागायची. रश्मीला मी फोन केला नाही. काय म्हणून करणार होते?

संक्रांतीनंतर एका दुपारी ती आली. काउंटरसमोर उभी. न सांगता, बार्शीटाकळीहून अमरावतीला.

"मावशी," म्हणाली, "मले काही झालं नाई. पन आईले झालं म्हनून मीई तपासून घ्याव म्हनतात. तू चाल सोबत."

मी सुट्टी टाकली. तिला डॉक्टरबाईंकडे नेलं, सोनोग्राफी केली, जे जे करायचं ते सगळं केलं. मी स्वतः एक शब्द बोलले नाही, एक अंदाज केला नाही. बाई मला म्हणाल्यासुद्धा, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" म्हटलं, "मला काही वाटत नाही. तुम्ही लिहून द्या." रिपोर्ट स्वच्छ आला. मी तो तीनदा वाचला.

लॅबमध्ये परत आलो. चहा मागवला. रश्मीची नजर उघड्या कपाटाकडे गेली. "तो डबा हाय ना? देतं का?" मी दिला. तिनं कानाशी नेला आणि हलवला.

वाजला.

खडखड, स्पष्ट. रिकाम्या डब्यात सुपारी वाजावी तसा. रश्मीनं माझ्याकडे पाहिलं. "वाजते की व, मावशी!"

मी तिच्या हातातून घेतला, झाकण काढलं. कापूस होता तसा होता, ठासून. सुपारी काढायला मला चिमटा लागला, इतकी आत रुतलेली. पुन्हा बसवली, झाकण लावलं, हलवलं. काही नाही. रश्मीच्या हातात दिला. तिनं हलवला. तेव्हाही काही नाही.

ती डबा घेऊन गेली. "पुढच्या कोजागिरीले आनतो," म्हणाली. स्टँडवर गाडीत बसताना तिनं माझा हात धरला आणि गाडी सुटेपर्यंत धरूनच ठेवला. तो हात माझाच होता, हे मला कळत होतं.

तर मंडळी, डबा ओट्यावर कोणी ठेवला, मला माहीत नाही. सुपारीचं कोणाला कळलं, माहीत नाही. तो एकदाच, आणि पोरीचा रिपोर्ट स्वच्छ आला त्याच दिवशी का वाजला, तेही माहीत नाही. इथे कोणी हुशार असेल तर सांगावं, मी ऐकून घेईन. मी मात्र अंदाज करणार नाही.

मंदे, हरले.