नातीशेजारची खुर्ची

माझ्या नातीची एक ताई आहे. सख्खी नाही, चुलत नाही, पैसे देऊन आणलेली. राहते चंदनसारला, आमच्याकडे येते लॅपटॉपमधून. मला ती आवडत नाही. कारण सांगते.

नात तीस वर्षांची. डॉक्टरांनी मागच्या वर्षी सांगितलं, हिला ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहे. मला कळलं ते असं, की एकाच डोक्यात दोन भाडेकरू. एकाला रोज सगळं जिथल्या तिथे हवं, दुसऱ्याला रोज नवीन काहीतरी हवं. दोघांच्या भांडणात पोरगी नुसती बसून राहते, आणि लोक तिला आळशी म्हणतात. त्यावर उपाय म्हणून ही कोच.

आणि कोच करते काय? "आज आधी कुठली फाइल उघडायची?" एवढं विचारते आणि स्वतःचं काम घेऊन पलीकडे गप्प बसते. ती बसली की नात काम करते. "आधी एक काम संपव गं" हे मी हिच्या शाळेपासून सांगत आले, तर माझं बोलणं पंख्याच्या वाऱ्यासारखं. फोडणीच्या वासाने हिचं डोकं बंद पडतं, हेसुद्धा मला त्या दोघींच्या बोलण्यातून कळलं. तीस वर्षं फोडणी मी देतेय, आणि सांगितलं कुणाला, तर ताईला.

खरं सांगायचं तर जळण्याचं दुसरंही कारण आहे. नवी नवरी असतानाची मी म्हणजे एक नमुनाच होते. निर्मळहून फुलांची पाटी घेऊन बाजाराला निघायची आणि वाटेत कुणाच्या तरी चुलीला मातीचा हात देत बसायची. फुलं कोमेजून परत घरी, वर मीच विचारणार, आज बाजार नव्हता का? सासूबाई म्हणायच्या, हिच्यामागे एक माणूस ठेवायला हवं. ते माणूस काही ठेवलं नाही. नातीला मात्र ठेवलं.

तर, नात घरी बसून मालिकांना सबटायटल लावते. दोनदा उशीर झाला होता. ऑफिसने कळवलं, या शुक्रवारी चारपर्यंत फाइल आली नाही तर काम बंद. आणि शुक्रवारी सकाळीच ताईचा मेसेज, ताप आहे, बसता येणार नाही. खाली लिहिलं होतं, 'आजींना बसवून बघ. फक्त बोलायचं नाही.'

म्हणजे माझ्या घरात मला बसायची परवानगी तिने द्यायची.

बसले. मोगऱ्याच्या कळ्या आणि केळीच्या सोपटाचा दोरा घेऊन नातीशेजारी खुर्ची ओढली. तिने फाइल उघडली, पडद्यावर मालिका सुरू झाली, बोटं चालू लागली. मला राहवेना.

"हा हिरो त्या हिरॉइनचा मामा ना?"

बोटं थांबली. नात पडद्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे, मग मोबाइल हातात.

"आजी, आता मला पुन्हा पहिल्यापासून डोक्यात भरायला लागेल."

रागाने नाही, घाबरून म्हणाली. मी घड्याळाकडे पाहिलं. दोरा एरवी पायाच्या अंगठ्यात अडकवतात. मी तो दातात धरला. तोंड उघडलं की गजरा सुटणार. तशी बसले. सून दारात चहा विचारायला आली, तिला मी डोळ्यांनीच हाकललं. नातीची बोटं पुन्हा चालू झाली. आधी अडखळत, मग सरळ.

चार वाजायच्या आत फाइल गेली. 'मिळाली, ठीक आहे' असं उत्तरही आलं. नात टेबलावर डोकं ठेवून हसली.

मी दोरा काढला. जबडा दुखत होता, तरी विचारलंच, "मी बरी की ती?"

नातीला मन राखायला खोटं बोलता येत नाही.

"ती. तू नाकाने गुणगुणतेस."

"मी?"

"सगळा वेळ." मग म्हणाली, "पण ती मंगळवार-शुक्रवारच असते. सोमवारी बसशील?"

मी मान डोलावली. मोठ्या मनाने म्हटलं, ताईला फोन कर, तापाचं विचार, पेज पाठवू या. मग वाटलं, कशाला घाई. बाईला नीट आराम करू दे. अगदी पुढचा मंगळवार उलटेपर्यंत.