पाट्यांचे नंबर

आईचं ऑपरेशन चालू होतं आणि परभणीच्या त्या दवाखान्यात मी एकटाच बसलो होतो. झरी गावचे एक काका शेजारी येऊन टेकले. बायकोचंही ऑपरेशन इथंच, म्हणाले. एका गुप्तहेराच्या सगळ्या इंग्रजी सिनेमांच्या सुरुवातीच्या नावांच्या पाट्या त्यांनी मोबाइलवर जमवल्या होत्या. अंगठ्यानं सरकवत ते नंबर लावायला लागले.

"ही पाण्यातली अव्वल. दुसरी कोनती, तुमी सांगा."

मी आगीची निवडली.

"मला पाट्याच लय आवडतात. त्या चालू हायत तवर कोनी मरत न्हाई."

तेवढ्यात नर्स आली. आई शुद्धीवर आली होती. मला रडूच फुटलं. काकांनी पाठीवर हात ठेवला.

"काकूंचं कधी आहे?" मी डोळे पुसत विचारलं.

"तिचं सकाळीच झालं, बरी हाय. तुमी एकटे दिसलात, म्हनून बसलो."