चहात सांगितलेलं

आमच्या कराटेच्या क्लासात चहा हा सरावाचाच भाग होता. घाम गाळून झाला, आता जरा घसा ओला करू, असला तो चहा नव्हता. चहा झाल्याशिवाय क्लास सुटला असं सर म्हणतच नसत. एखादी घाईनं बूट घालायला लागली की ओरडायचे, "अजून क्लास चालू हाय, बसा खाली!" मग आम्ही सकाळच्या बॅचच्या सगळ्या बायका नांदेडच्या त्या शाळेच्या मैदानावर, लिंबाखाली, वज्रासनात रांगेनं बसायचो आणि सर छोट्या शेगडीवर पातेलं चढवायचे. चहा ते स्वतः करायचे. आलं ठेचायचे, साखर सढळ हातानं टाकायचे आणि स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून द्यायचे. पाठ ताठ ठेवायची, थेंब सांडायचा नाही. जपानात असंच असतं म्हणे. सर जपानला गेलेले नव्हते, त्यांची धाव हैदराबादपर्यंत. पण आमच्यातलं तरी कोण गेलं होतं? आम्ही माना डोलवायचो.

मी चाळिशीला टेकलेली, हायस्कुलात भूगोल शिकवणारी बाई. मुलीला क्लासात घालायला म्हणून गेले. मुलीनं कंटाळून सोडलं आणि मी चिकटले. घरात हसण्याचा विषय झाला. नवरा म्हणाला, आता तुझ्याशी भांडायचं तर हेल्मेट घालून बसावं लागेल. मी त्याला हसू दिलं. पट्ट्यांचे रंग एकेक करत बदलत गेले, ब्राऊन बेल्ट आला, तेव्हा तो हसायचा थांबला आणि शेजाऱ्यांना सांगायला लागला.

चहाचा खरा नियम मात्र बसण्याचा नव्हता. पहिला घोट घेण्याआधी प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची, आपण कुठं कमी पडतो ती. डावा गुडघा दगा देतो. लाथ मारताना तोल जातो. जोरात आवाज काढायची लाज वाटते. आणि ऐकणाऱ्यांनी ती जागा जपायची. माझा गुडघा दुखतोय असं मी आज म्हटलं, की उद्या माझी जोडीदारीण त्या गुडघ्याकडं पाय वळवायची नाही. "चहात सांगितलेलं चहातच राहतं," असं सर पातेल्यात चमचा फिरवत म्हणायचे. एकमेकींना मारायला शिकणाऱ्या बायका रोज सकाळी एकमेकींना सांगत होत्या की बाई, मला इथं लागतं. मला हे फार म्हणजे फार आवडायचं. आमच्या स्टाफरूममध्ये असं कोणी बोलत नाही. तिथं दुखणं सांगितलं की मधल्या सुट्टीपर्यंत ते हेडमास्तरांच्या टेबलावर पोचलेलं असतं.

माझी जोडीदारीण मूळची मुखेडची. नांदेडला कोर्टात कारकून होती. माझ्याहून लहान, उंच, मोकळ्या तोंडाची. मला ताई म्हणायची आणि सरावात ताईला जराही सोडायची नाही. क्लासच्या फाटकाशी गाडी लावतानाच तिची बडबड सुरू व्हायची. कोर्टात कोण कोणावर उखडलं इथपासून सासूबाईंनी आज काय काढलं इथपर्यंत. एवढी मैत्री मला या वयात होईल असं वाटलं नव्हतं.

मला एक खोड होती आणि ती मी खूप दिवस लपवली. समोरून मूठ आली तर मी तिच्याकडं बघू शकते, अडवू शकते. पण कोणाचा उघडा हात वर गेला, नुसते केस सारखे करायला जरी गेला, तरी माझे डोळे मिटतात. मिटतात म्हणजे मी मिटत नाही, ते आपले आपण मिटतात. कराटेत कोणी असा तळहात वर नेऊन मारत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एका थंडीच्या सकाळी मी ते चहात सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. धुकं होतं, सगळ्या जवळजवळ बसल्या होत्या, आणि माझ्याआधी एकीनं बाळंतपणानंतरचं असं काही सांगितलं होतं की मला माझा दुखरा घोटा पुढं करायची लाज वाटली. मी म्हणाले, उघडा हात वर गेला की माझे डोळे मिटतात. आणि मग थांबता आलं नाही. माझे वडील हदगावला गुरुजी होते. अजूनही बाजारात निघाले की माणसं वाकून नमस्कार करतात. घरात ते मारायचे. छडीनं नाही, हातानं. बोलता बोलता हात वर जायचा आणि तो कधी खाली येईल याचा अंदाज नसायचा. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला तर त्याचे सासरे देवमाणूस वाटतात, आणि आता म्हातारपणी ते खरोखर तसे झालेही आहेत.

मुखेडचीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तोही खालून आणून. सरांनी माझा निवलेला चहा ओतून ग्लास पुन्हा भरला आणि म्हणाले, "बोललात, बरं झालं मॅडम. इथंच राहील ते." आणि ते राहिलंही. त्या दिवसापासून बॅचमधली कुठलीही बाई माझ्यासमोर केसांना हात लावायची झाली तर आधी पाठ फिरवायची. मला आजवर कोणी एवढं जपलेलं नव्हतं. मी घरी जाऊन रडले आणि नवऱ्याला कांद्याचं कारण सांगितलं.

पुढं ब्लॅक बेल्टची परीक्षा आली. सर दर रविवारी लातूरलाही एक क्लास घ्यायचे, परीक्षा तिथंच एका मंगल कार्यालयात होती. आमच्या बॅचमधून मी एकटीच बसणार होते. मुखेडची म्हणाली, मी पुढच्या खेपेला, पण तुझ्यासोबत येते. शाळेत मी सांगितलं होतं की पट्टा मिळाला की आपल्या मुलींसाठी क्लास काढीन. कारण खोटं नव्हतं, पण ते पुढं केलेलं कारण होतं. मला तो पट्टा माझ्यासाठी हवा होता. हदगावला जायचं, वडील आरामखुर्चीत बसलेले असताना तो घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवायचा आणि काही बोलायचं नाही. एवढंच. सरावात दम लागला की मी ते चित्र डोळ्यांसमोर आणायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळचे सगळे प्रकार नीट झाले. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडं बघून मान हलवत होते. शेवटी लढत होती. माझ्यासमोर लातूरच्या क्लासची एक मुलगी आली. रेणापूरची, कॉलेजात शिकणारी, चपळ आणि किरकोळ अंगाची. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या झटापटीत मी वरचढ होते, हे मी फुशारकीनं म्हणत नाही, बसलेल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. मग ती दोन पावलं मागं गेली आणि तिनं उजवा हात वर केला.

मूठ नव्हती. तळहात उघडा होता, बोटं सुटी, कानाच्याही वर. पोराला थोबाडीत द्यायला बाप नेतो तसा.

माझे डोळे मिटले आणि लाथ बरगडीत बसली. मी सावरले. पुन्हा तिनं हात वर केला, पुन्हा अंधार, पुन्हा लाथ. बाहेरून मुखेडचीचा "ताई, डोळे!" असा आवाज आला. मला ते कळत होतं, पण डोळे माझं ऐकत नव्हते. तिसऱ्यांदा मी खाली बसले आणि परीक्षकांनी लढत थांबवली. मनानं खंबीर व्हा, पुढच्या परीक्षेला या, असं ते चांगल्या शब्दांत म्हणाले.

मला लागलं होतं ते बरगडीत नव्हतं. असा हात कराटेत कुठं शिकवतात? कुठंच नाही. तो हात कोणीतरी तिला दिला होता.

कपडे बदलायच्या खोलीत ती पोरगीच माझ्याकडं आली. गुणी पोर. खाली वाकून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "काकू, लई लागलं का? मी जोरात न्हाई मारलं. सर म्हणले, मारायची गरजच न्हाई, हात नुसता वर करायचा. त्यांना घरचं भ्या हाय म्हणले." तिचा काय दोष? तिला शिक्षकानं सांगितलं, तिनं केलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले.

घरचं भ्या. म्हणजे डोळे मिटतात एवढंच सांगितलं नव्हतं. का मिटतात तेही सांगितलं होतं.

सर बाहेर चहाच्या गाड्यावर उभे होते. मला बघून त्यांनी चहा सांगितला आणि ग्लास पुढं केला, जसं काही झालंच नाही. मी घेतला नाही.

"सर, तुम्ही सांगितलंत तिला."

"हाव, सांगितलं." ते जरासुद्धा चपापले नाहीत. "बाहेर कोणी विचारून मारत असतंय का, मॅडम? तुमचं गाडं तिथंच अडकून राहिलं होतं. मी काढून राहिलो होतो."

"मग क्लासात काढायचं. तुम्ही स्वतः माझ्यासमोर हात वर करायचा. इतके दिवस होते."

"मी?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी तुमच्यावर हात कसा उचलू? लेडीज माणसावर?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी इतका संताप आला की तोच ग्लास त्यांच्या अंगावर भिरकावावा. स्वतःचा हात उचलायची यांना लाज, म्हणून दुसरीचा उचलायला लावला. शिवाय लातूरची बॅच नवीन, परीक्षकांसमोर तिचा निकाल उठून दिसायला हवा, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मी म्हणाले, "चहात सांगितलेलं चहातच राहतं, असं तुम्ही म्हणायचात."

"ते सरावाला, मॅडम. ही परीक्षा हाय."

मी बसस्टँडकडं चालायला लागले.

एसटीत मुखेडची माझ्याशेजारी बसली होती. अहमदपूर येईपर्यंत ती सरांना शिव्या देत होती, कोर्टात ऐकलेल्या सगळ्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण ताई, तू एवढं सगळं बोललीसच कामून?" तिनं ते मायेनंच विचारलं असेल. मला मात्र पुन्हा लाथ बसल्यासारखं झालं. बोलायचं ठिकाण म्हणूनच तर ते होतं ना? जिथं बोला म्हणतात तिथं बोललं, यात माझं काय चुकलं हे मला अजून कळलेलं नाही.

लोहा यायच्या आत वडिलांचा फोन आला. त्यांना परीक्षेचं माहीत होतं. "काय झालं बाळ? मिळाला का पट्टा?" आवाज कापरा, उत्सुक.

"नाही अण्णा, राहिलं."

"कशानं राहिलं गं?"

मी म्हणाले, "दम पुरला नाही." ते म्हणाले, दूध पीत जा, बदाम भिजवून खात जा. मी हो म्हणाले. ज्यांच्यामुळं डोळे मिटतात त्यांची अब्रू मी त्या एसटीतही राखली. जे राखतो म्हणाले होते, त्यांनी ती लातूरच्या एका कॉलेजच्या पोरीला देऊन टाकली होती.

क्लास मी सोडायला हवा होता. सगळे तेच म्हणाले. काही दिवस गेलेही नाही. पण सकाळी जाग यायची, अंग आखडायचं, नवऱ्याच्या घोरण्याचा राग यायचा. नांदेडात दुसरीकडं बायकांची सकाळची सोयीची बॅच नव्हती. आणि खोटं कशाला बोलू, पट्टा अजून हवाच होता. गेले. सर म्हणाले, "या मॅडम," आणि पातेल्यात माझं दूध वाढवलं.

चहा तसाच होता, सांगणं मात्र बदललं होतं. लातूरची गोष्ट सगळ्यांना कळली होती. एक म्हणायची, आज झोप नीट झाली न्हाई. दुसरी म्हणायची, घोटा जरा आखडलाय. घोटा चांगला ठणठणीत असायचा. सर गंभीरपणे ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी तिच्या धडधाकट घोट्याला जपायला लावायचे. मला मनातल्या मनात हसू यायचं, पण ते चांगलं हसू नव्हतं.

मग सरांनी जाहीर केलं की पुढची परीक्षा नांदेडलाच होईल आणि लढती बॅचमधल्या बॅचमध्येच होतील. ब्लॅक बेल्टला आम्ही दोघीच होतो, मी आणि मुखेडची. म्हणजे समोरासमोर. तिनं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले, मीही केले. दोघी हसलो.

त्यानंतरच्याच आठवड्यात कधीतरी, फाटकाशी ती गाडी लावत होती आणि बोलत नव्हती. सरावात तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं, मी तिच्यासमोर वर्षानुवर्षं उभी राहिलेली. चहा आला तेव्हा ग्लास तिनं डाव्या हातानं उचलला. सरांनी विचारलं, "तुमचं काय?"

"काही न्हाई सर. सगळं ठीक हाय."

उत्तर सरांना होतं, पण ते देताना ती माझ्याकडं बघत होती. ती सरांपासून नाही, माझ्यापासून लपवत होती.

सर म्हणाले, "मॅडम, तुमचं?"

"माझंही काही नाही," मी म्हणाले आणि तिच्या खांद्यावरची नजर काढून चहा प्यायले.